एकच तलाव, दर महिन्याला: गावातलं पक्षीनिरीक्षण टिकवायचं कसं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई साकोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी गावात पक्षीनिरीक्षण सुरू केलं. पहिल्या वेळी गाडी ठरवून सगळे नवेगावबांधला गेले, ४० माणसं आली. दुसऱ्या वेळी ११, तिसऱ्या वेळी ४. गावाला लागूनच मामा तलाव आहे, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना, माजी मालगुजारी तलाव. त्यांचं विचारणं असं: माणसं का गळाली? दुर्बिणी कोणत्या आणि किती घ्यायच्या? मुलांना कसं गुंतवायचं? परवानगी लागते का? आणि शेवटी, आमच्या तलावाकडे सारस येईल का?

ताई, भंडारा-गोंदियाच्या तलावांवर लोकांना घेऊन फिरण्यात माझी २२ वर्षं गेली. ठरल्या वेळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं आणि रस्त्याकडे बघत बसायचं, हे दुःख मी चांगलं ओळखतो. तुमचं चुकलं ते एवढंच, की सुरुवात सहलीनं झाली. सहल एकदा होते. नवेगावबांध पाहिला, बदकं पाहिली, डबे खाल्ले, झालं. गावचा तलाव मात्र दर महिन्याला वेगळा असतो. श्रावणात सांडव्यावरून पाणी जात असतं. कार्तिकात कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. पौषात पाण्याच्या मधोमध बदकांची काळी रेघ दिसते. होळीपर्यंत पाणी मागे सरतं आणि उघड्या चिखलात शेकाटे, तुतवार चोची खुपसत फिरतात. हा बदल ज्याच्या लक्षात आला तो माणूस पुढच्या महिन्यात आपणहून येतो.

म्हणून पुढचं वर्षभर गाडी करूच नका. महिन्याचा दुसरा रविवार धरा. तोच तलाव, पाळीवरची तीच वाट, तेवढाच वेळ. दोन तास पुरे. चारच माणसं आली तरी फेरी रद्द करायची नाही. आमच्या गटात पहिलं वर्षभर आम्ही तिघंच होतो. आणि एक रजिस्टर ठेवा, साधं शंभर पानी. तारीख, सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ, धुकं की ऊन, तलावाच्या किती पायऱ्या उघड्या पडल्यात, आणि मग पक्षी व त्यांची संख्या. "बरेच बगळे" असं लिहायचं नाही. २३ बगळे लिहायचं. मोठा थवा असेल तर दहाचा एक गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तसे किती गठ्ठे होतात ते मोजायचं. एकानं दुर्बिणीतून बघून आकडा सांगायचा, दुसऱ्यानं मान खाली घालून लिहायचं. मोजणारा लिहायला लागला की थवा निसटतो.

या रजिस्टरचा उपयोग काय, ते मला चौथ्या वर्षी कळलं. आमच्या तलावावर डिसेंबरात अडई बदकांचा थवा ठरलेला असायचा. त्या वर्षी तो दिसेना. थंडी उशिरा आली म्हणून असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. मग एका रात्री मागची पानं उलटली. अडईच नाही, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, वारकरी हे सगळेच दीड वर्षापासून उतरत गेले होते. बगळे आणि पाणकावळे मात्र होते तेवढेच. पाणवनस्पतींच्या आधारानं राहणारे घटले, मासे खाणारे टिकले. ते पान घेऊन मी तलावावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवराकडे गेलो. त्यांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "भाऊ, तलावात गवत्या सोडला ना. त्यानं सारा चारा खाल्ला. आता पाखरू का खाईन?" गवत्या म्हणजे ग्रास कार्प. बाहेरून आणून सोडलेला हा मासा पाण्यातलं गवत, शेवाळ, वेली फस्त करतो. जे कोडं सोडवायला मला रजिस्टर आणि चार वर्षं लागली, ते त्यांना होडीत बसल्या जागी ठाऊक होतं. फरक इतकाच, की त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही नव्या गावात माझी पहिली भेट ढिवरांशी असते. तुमच्या परवानगीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तिथेच आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे असतात, आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाळीवरून चालायला कागद लागत नाही. पण संस्थेच्या अध्यक्षांना आधी जाऊन भेटा, जाळी टाकायचे दिवस कोणते ते विचारून घ्या आणि फेरी त्या दिवशी ठेवू नका. त्यांच्यातलं एक माणूस दर फेरीला सोबत घ्या आणि त्यालाच पुढे चालू द्या. आपल्या पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले आणि ढिवरांनी राखले. त्यांना पाहुण्यासारखं मागे उभं करून आपण पुस्तकातून नावं वाचायची, हे मला पटत नाही.

नावांचंही तसंच. रजिस्टरात दोन रकाने करा, एक गावच्या नावाचा आणि एक पुस्तकी नावाचा. गावचं नाव आधी. एका पक्ष्याला तीन गावांत तीन नावं मिळतील, तिन्ही लिहा.

आता माझी एक चूक सांगतो. ती तुमच्याकडून होऊ नये एवढ्यासाठीच.

मे महिना होता, सकाळचे नऊ वाजून गेले होते. पाळीच्या उतारावर मुरमात टिटवीची चार अंडी होती. मुरमाच्या रंगाचीच, वर काळपट ठिपके. पायाखाली येता येता दिसली. मी कौतुकानं सगळ्यांना बोलावलं. २५ माणसं अर्धगोल करून उभी राहिली, फोटो झाले, मी अंड्यांच्या रंगाबद्दल बोललो. वीसेक मिनिटं गेली असतील. टिटवी सारखी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती आणि मी तेही समजावून सांगत होतो, की बघा, ती आपल्याला हाकलतेय. तिचं ओरडणं कशासाठी आहे ते मला नंतर समजलं. मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. आपल्याकडचा मुरूम त्या वेळेला हात ठेववत नाही इतका तापतो. आम्ही तिला वीस मिनिटं त्या अंड्यांपासून दूर ठेवलं. पंधरा दिवसांनी गेलो तर अंडी तशीच पडून होती, जागची हललेली नव्हती. त्यांच्यावर पुन्हा कुणी बसलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गटात घरट्याजवळ थांबत नाहीत. घरटं दिसलं तर चालत राहायचं, तीसेक पावलं पुढे जाऊन मग मागे वळून दुर्बिणीतून बघायचं. फोटो काढायचे नाहीत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. नवरंग आणि घुबडं त्या आवाजाला फसून येतात, पण आपल्या हद्दीत कुणी दुसरा शिरला या काळजीनं येतात. आणि एका फेरीला १५ च्या वर माणसं नेऊ नका. जास्त आली तर दोन गट करा, एक पाळीच्या या टोकाकडून आणि दुसरा त्या टोकाकडून.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. आठ बाय चाळीस किंवा आठ बाय बेचाळीस घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दहा बाय पन्नास जड असते, हात कापतो, आणि मुलांना तिच्यातून पक्षी सापडतच नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त झूमवाल्या तर घेऊच नका. चार माणसांत एक दुर्बीण पुरते. वर्गणीतून पहिल्या वर्षी एकच घ्या, पण चांगली घ्या. मुलांच्या हाती ती देण्याआधी एक आठवडा पुठ्ठ्याची नळी द्या. आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी बघायचा, नजर तिथेच रोखून ठेवायची आणि नळी डोळ्यांपाशी आणायची. नजर खाली न नेता. ही सवय नळीवर लागली की दुर्बिणीत पक्षी पहिल्या झटक्यात सापडतो. नाहीतर मूल पाच मिनिटं नुसतं आभाळ शोधतं आणि दुसऱ्याला देऊन टाकतं.

पहिल्या फेरीत २५ पक्षी दाखवायची घाई करू नका. फक्त बगळे शिकवा. "बगळा" म्हणून सगळे ओळखतात आणि म्हणूनच कुणी नीट बघितलेला नसतो. गुरांच्या पायाशी धावतो तो गायबगळा: आखूड मान, पिवळी चोच. पाण्याच्या कडेला चिखल ढवळतो तो छोटा बगळा: चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी. चिखलातून पाय उचलला की पिवळे मोजे घातल्यासारखी दिसतात. पाण्यात एकटा ताटकळणारा तो मोठा बगळा, मानेला मधोमध बाक, आणि तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली. या तिघांतला फरक ज्या मुलाला एका सकाळी कळतो, ते घरी जाऊन बापाला शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभं करून दाखवतं. माझ्या अनुभवात नवी माणसं अशीच येतात. व्हॉट्सॲपवरच्या निमंत्रणानं येत नाहीत.

मुलांसाठी तलावावर जाण्याचीही गरज नाही. फाल्गुनात शाळेजवळच्या एका फुललेल्या पळसाखाली अर्धा तास बसवा. गप्प बसायचं, एवढीच अट. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, हळद्या, सातभाईंची टोळी, राघू, खार, सगळे त्या एका झाडावर येऊन जातात. प्रत्येक मुलानं एकच पक्षी निवडायचा आणि तो फुलाशी काय करतो तेवढंच बघायचं. मध पितो, की फूल तोडून खाली टाकतो, की फुलावरचे किडे टिपतो? राघू फुलं तोडतो हे मुलं न सांगता शोधून काढतात. भाद्रपद-आश्विनात पहिला धोबी कुणाला दिसतो याची नोंद फळ्यावर करा. हिमालयातून आणि त्याही पलीकडून आलेला हा पाहुणा शाळेच्या पटांगणात शेपटी वरखाली हलवत फिरतो. दर वर्षीची तारीख रजिस्टरात जपून ठेवा. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी असतील तर एक महिना रोज पाच मिनिटं तीच बघा. घरटं नर विणतो. अर्धं विणून झालं की थांबतो आणि मादीला दाखवतो. तिला पसंत पडलं तरच खालची लांब नळी विणून पुरं करतो. नापसंत झालेली अर्धी घरटी झाडावर तशीच लोंबत राहतात. मुलं ती मोजतात आणि त्या नरासाठी हळहळतात.

एक नाजूक गोष्ट. वर्गात कुणाच्या ना कुणाच्या घरी पिंजऱ्यात मिठ्ठू असतोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे राघू पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. हे मुलाला वर्गात सर्वांसमोर ऐकवू नका, ते पुन्हा येणार नाही. घरी जाऊन आईशी बोला. पिंजऱ्यात वाढलेला राघू एकदम उडवून दिला तर जगत नाही, म्हणून वन विभागाशी बोलूनच पुढचं ठरवायचं.

बायांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय. पहाटेच्या फेरीला गावातली बाई येऊ शकत नाही. तिला सडा, पाणी, डबे, मग मजुरी. बरीच वर्षं मी बाया येत नाहीत म्हणत राहिलो आणि वेळ मात्र माझ्या सोयीची ठेवत राहिलो. मग बचत गटाच्या बैठकीनंतर दुपारी साडेचारची फेरी ठेवली. पहिल्याच दिवशी १९ जणी आल्या. संध्याकाळी पक्षी पहाटेइतके हलत नाहीत, पण रातथाऱ्याला येणारे बगळ्यांचे थवे दिसतात, आणि धानाच्या बांध्यांमध्ये (खाचरांमध्ये) वाकून काम करणाऱ्या या बायांनी जे बघितलेलं असतं ते पाळीवरून फिरणाऱ्या कुणालाच दिसत नाही.

शेतकऱ्यांना गोडी लागते ती हरभऱ्याच्या शेतात. घाटेअळीसाठी कृषी विभागाची माणसं पक्षीथांबे लावायला सांगतात, इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या. अशा एका काठीसमोर अर्धा तास बसा आणि कोतवाल किती वेळा खाली झेपावतो ते शेतकऱ्यालाच मोजू द्या. भाषण करायची गरज उरत नाही.

धोक्यांबद्दल मात्र गांभीर्यानं. तुमचा तालुका नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. झुंजुमुंजू अंधारात जंगलाला लागून असलेल्या पांदणीनं गट नेऊ नका. वनरक्षकाला आदल्या संध्याकाळी फोन करा, त्या भागात वाघाची हालचाल असेल तर तो सांगतो, आणि असेल तर ती फेरी गावाच्या बाजूच्या पाळीवरच करायची. मोहफुलं वेचायच्या दिवसांत तर हा नियम मोडूच नका. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी हवी, हे तुमच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. दुसरं, रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत रात्री वीज सोडतात. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्याही धुऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, एकही नाही. तिसरं, मोठ्या झाडाला आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खालून जायचं नाही, आणि त्या दिवशी अत्तर, सेंट कुणी लावायचं नाही.

नोंदी वहीत साठल्या की त्या बाहेर जाऊ द्या. ईबर्ड नावाचं मोफत ॲप आहे, त्यात पक्ष्यांची मराठी नावंही मिळतात. दर फेरीची यादी वेळ आणि संख्येसह तिथे टाका. आवाज ओळखणारं मर्लिन ॲप मुलांना फार आवडतं, पण ते चुकतं. स्वतः पाहिल्या-ऐकल्याशिवाय केवळ त्यानं सांगितलेलं नाव यादीत घालू नका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची जागतिक पक्षी गणना असते, तिच्यात निदान १५ मिनिटांची एक यादी, एवढीच अट. तुमच्या शाळेच्या पटांगणातली यादीही त्यात बसते. आणि आपला पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली नवेगावच्या जंगलात वनाधिकारी म्हणून राहिलेले, म्हणजे हा सप्ताह आपल्या अंगणातलाच. त्या आठवड्यात बॅनर, हारतुरे, पाहुण्यांची भाषणं यांत दिवस घालवू नका. आठही दिवस रोज सकाळी २० मिनिटं पाळीवर जा आणि आठ पानं भरा. नंतर सगळ्यांनी मिळून तर्री-पोहे खा. आमच्याकडे पोह्यांशिवाय फेरी संपत नाही, आणि खरी बोलणी तिथेच होतात.

आता सारस. महाराष्ट्रात तो उरलाय तो प्रामुख्यानं गोंदियात, आणि थोडा भंडाऱ्यात. दर जूनमध्ये दोन्ही जिल्ह्यांत आणि शेजारच्या बालाघाटमध्ये त्याची गणना होते. त्याला उथळ पाणी लागतं, तलावाच्या कडेचं देवधान (रानटी भात) लागतं, आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत निवांतपणे घरटं करू देणारा शेतकरी लागतो. माणसाच्या उंचीचा पक्षी, बहुधा दोनच अंडी घालतो, आणि महिनाभर ती जोडी त्या बांधीतून हलत नाही. घरट्यापायी शेतकऱ्याचा धानाचा एक तुकडा जातो, हे आपण मान्य केलं पाहिजे आणि त्याच्याशी त्याबद्दल बोललं पाहिजे. तुमच्या तलावाकडे तो येईल असं वचन मी देणार नाही. पण तलावाची कड बेशरम नावाच्या झुडपानं भरलेली असेल तर ग्रामसभेत ती काढायचा विषय मांडा, आणि आषाढात रोवणीच्या बायांना विचारत राहा. आला असेल तर आधी त्यांनाच दिसेल. दिसल्याचं कळलं तर जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका, फळ्यावर लिहू नका. त्या शेताच्या मालकाला भेटा, वनरक्षकाला सांगा, आणि रजिस्टरात फक्त तारीख आणि "दोन" असं लिहा.